भुकेल्याचें मागणें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं देवळाची वेदी, घंटा, शाळा आणि ज्यांनीं त्या उभारल्या त्यांची पुण्यस्मृति यांविषयीं बोलावें असा प्रघात आहे; आणि तें काम आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. आमच्या वाट्यास आलेला विषय त्या मानानें साधा, किंबहुना कित्येकांस अप्रिय वाटेल असा आहे. आपल्या या मुलखांत भूक कशी आली, ती आली असतां लोकांनीं कोणाच्या दारीं हात पसरला, त्या हातांत काय पडलें, आणि आज तसाच हात पसरण्याची पाळी कोणावर येते, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

विषय अप्रिय असला तरी तो आजच्या प्रसंगाला सोडून नाहीं. 'जुबिली' हा शब्द इब्री लोकांच्या ज्या शब्दावरून आला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे. दर पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन ज्याची त्यास परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळें दास झालेल्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, अशी आज्ञा लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण सहसा वाचून पुढें जातों. भाऊ दरिद्री झाला तर त्यास आधार द्यावा, त्याच्याकडून व्याज घेऊं नये, आणि त्याला अन्न देतांना त्यावर नफा काढूं नये. म्हणजे जुबिली हा मुळांत मिरवणुकीचा सण नव्हे. ज्याच्या घरांत दाणा उरला नाहीं त्याचा तो सण आहे.

आपला मुलूख सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेंत पडलेला. घाटमाथ्यावर ढग रिते होतात आणि आपल्याकडे येतो तो बहुधा वारा. ज्या जिल्ह्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या नगर म्हणत आलों आणि २०२४ सालीं ज्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या जिल्ह्याच्या इतिहासांतून दुष्काळ काढून टाकला तर फारच थोडें उरेल. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६–९७ चा, त्यास लागून आलेला १८९९–१९०० चा, आणि आमच्या वयाच्या माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलेला १९७२ चा, हे तर ठळकच आहेत.

यांपैकीं पहिल्या दुष्काळाची एक गोष्ट प्रत्येकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या वेळीं सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. परंतु १८७७ सालच्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें मजुरी इतकी खालीं आणली कीं दिवसभर काम करणाऱ्या पुरुषास एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकेंच मिळूं लागलें. एक रत्तल म्हणजे आजच्या मापानें सुमारें ४५० ग्रॅम. तेवढ्यावर खडी फोडून व माती वाहून माणूस जगेल कीं नाहीं, हा प्रश्न कागदावर हिशेब करणारांस पडला नाहीं. तो खडी फोडणारांस पडला. मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर तीं कामें सोडून निघून गेले. उपाशी माणसानें मिळतें तेंही नाकारावें, यावरून त्या मजुरीची किंमत कळते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें लेखी मांडलें. त्याच वर्षीं महात्मा फुले व त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें बालाश्रम उघडून दुष्काळांतील मुलांस जेवूं घातलें.

पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर दुष्काळाचे कायदेशीर नियम बांधले गेले. भाव चढूं लागले, माणसें गांवें सोडून भटकूं लागलीं, भुरट्या चोऱ्या वाढल्या, कीं दुष्काळ आला असें समजावें. ज्यास काम करवतें त्यास काम द्यावें. ज्यास करवत नाहीं, म्हणजे म्हातारा, पांगळा, लेंकुरवाळी, त्यास गांवच्या यादींत घालून फुकट अन्न द्यावें, असा त्या नियमांचा सारांश. नियम चांगले होते. पण नियम पुस्तकांत असतो आणि भूक पोटांत. त्या दोहोंमध्यें जें अंतर असतें त्यांत माणसें मरतात. १८९९–१९०० सालीं तीं फार मेलीं. त्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं गुजराथेंतून शेंकडों निराधार मुली केडगांवास आणून वांचविल्या, आणि तत्पूर्वीं १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांतून तसेंच केलें होतें. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. पण ज्यांनीं भुकेल्यास घरांत घेतलें त्यांचें नांव कोणत्याही देवळांत घेण्यास हरकत नसावी.

येथें एका जुन्या टोमण्याचा विचार केला पाहिजे; कारण तो आपण सर्वांनीं कधीं ना कधीं ऐकलेला आहे. 'तुम्ही भाकरीचे ख्रिस्ती. तुमचे आजे दुष्काळांत बाटले,' असें म्हणतात. यावर रागावण्यापेक्षां शांतपणें विचार करणें बरें. दुष्काळाच्या दिवसांत मिशनच्या आवारांत धान्य होतें म्हणून लोक तेथें आले, हें खरें आहे. ते कोठें जावयास हवे होते? गांवच्या विहिरीवर ज्यांस उभें राहूं देत नव्हते, सावकाराच्या ओट्यावर ज्यांची पत नव्हती, त्यांनीं जेथें दार उघडें होतें तेथें जावें यांत लाज कसली? भुकेला माणूस अन्न असेल तेथें जातो, यांत त्याचा दोष नाहीं. दोष असेल तर ज्या दारांत धान्य असून तें उघडलें नाहीं त्या दारांचा आहे.

परंतु या विचाराची दुसरी बाजूही आहे, आणि ती देणारास लागू पडते. भाकरीच्या बदल्यांत कोणाचा धर्म मागणें हें भाकरीवर नफा काढण्यासारखें आहे, आणि तें लेवीयाच्या आज्ञेनें कधींच निषिद्ध केलें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं मिशनकार्याविषयींच्या आपल्या लेखांत स्पष्टच सांगितलें कीं, कोणावर श्रद्धेची बळजबरी करूं नये आणि कोणास अयोग्य उपायांनीं तिच्याकडे ओढूं नये. जो खाण्यापुरता आला त्यानें खावें आणि जावें. जो राहिला तो स्वतःच्या अंतःकरणाच्या साक्षीनें राहिला असला पाहिजे. पिढ्या लोटल्या, दुष्काळ सरले, मिशनचें धान्य केव्हांच संपलें, आणि तरीही आपण येथें आहों. टोमण्यास याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

आतां १९७२ कडे वळूं. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता. १९७२ सालीं त्यानें पाठच फिरविली. आम्ही तेव्हां शाळकरी वयाचे होतों, आणि जें आठवतें तें मुलांस आठवावें तसेंच आठवतें. विहिरींच्या तळाशीं चिखल, दावणीला कडब्याविना उभीं जनावरें, आणि घरांतील कणगीच्या बुडाशीं हात घालून पाहणाऱ्या बायका. राज्यभर दुष्काळी कामें निघालीं. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, शेताचे बांध. आणि सर्वांत जास्त म्हणजे खडी. १९७३ च्या मे महिन्यांत या कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. पांढऱ्या मातीच्या वाड्यांतील ज्या सुना उंबरठ्याबाहेर कधीं कामाला गेल्या नव्हत्या, त्या डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून खडीच्या ढिगावर बसल्या. शेजारीं महारवाड्यांतील व मांगवाड्यांतील बाया बसल्या होत्या. जें गांवानें शतकानुशतकें होऊं दिलें नव्हतें तें त्या एका उन्हाळ्यांत हातोड्यानें करून दाखविलें. हजेरीपटावर नांव येईपर्यंत धडधड, नांव आल्यावर मोजणीची धडधड, आणि पगार लांबला म्हणजे वाण्याकडे तोंड कसें दाखवावें याची धडधड. आमच्या आया हें सांगत असत.

खाण्यास काय होतें? अमेरिकेंतून आलेली लाल ज्वारी, जिला सर्व 'मिलो' म्हणत. तिच्या भाकरीस आपल्या शाळूची चव नव्हती. ती घशाखालीं उतरवावी लागे. मुलांसाठीं कामावर सुकडी वाटीत. मिशनच्या आवारांत दुधाच्या भुकटीचें दूध होई, आणि त्यासाठीं तांब्या घेऊन रांगेंत उभें राहावें लागे. त्या रांगेविषयीं दोन गोष्टी आम्हांस सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, त्या रांगेमुळें मुलें जगलीं. १९७२ च्या दुष्काळांत हाल अतोनात झाले, परंतु १९०० सालासारखीं माणसें मेलीं नाहींत. हें काम, हें परदेशीं धान्य आणि अशा रांगा यांचें तें श्रेय आहे. दुसरी ही कीं, कित्येक घरांतील मुलें त्या रांगेंत कधीं दिसलीं नाहींत. आणि तीं घरें सुखवस्तु होतीं म्हणून नव्हे. त्या घरांतील बाप म्हणे, 'आम्ही अजून इतके खालीं आलों नाहीं.' भुकेनें जितकीं माणसें वाळतात तितकींच लाजेनें वाळतात. फरक इतकाच कीं भुकेची नोंद होते, लाजेची होत नाहीं.

त्या दुष्काळांतून महाराष्ट्रानें एक मोठी गोष्ट शिकून घेतली. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं आधीं सांगली जिल्ह्यांत प्रयोगानें सुरू केलेली कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली. १९७५ सालीं तिच्या खर्चासाठीं व्यवसाय कर बसला, १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो शारीरिक श्रम करण्यास तयार आहे त्यानें काम मागावें आणि सरकारनें तें दिलेंच पाहिजे, असा त्याचा अर्थ. २००५ सालीं सर्व देशासाठीं झालेल्या कायद्याचें मूळ येथेंच आहे. पाणी अडविण्याचें कामही याच मुलखांत वाढलें. स्वित्झर्लंडहून येऊन येथलेच झालेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनीं डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट बांधण्याचें काम गांवोगांवच्या लोकांकडून करवून घेतलें, आणि १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यासाठीं संस्था काढली. भुकेल्यास भाकर देणें हें पुण्य आहे. परंतु पुढच्या वर्षीं त्यानें ती मागूं नये अशी सोय करणें हें त्याहून मोठें पुण्य आहे.

बंधुभगिनींनो, कोणी म्हणेल कीं ही सर्व जुनी कहाणी झाली. आतां धान्य मुबलक आहे. धान्य मुबलक आहे, हें सत्य आहे. ज्यांस सर्वांत कमी आहे अशा कुटुंबांसाठीं अंत्योदय अन्न योजना निघाली ती २५ डिसेंबर २००० रोजीं, म्हणजे प्रभुजन्माच्या दिवशीं. हा योगायोग आपण विसरूं नये. पुढें २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला आणि जें पूर्वीं कृपा म्हणून मिळत होतें तें हक्क म्हणून मिळूं लागलें. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, व प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो धान्य. आणि १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य. २०२० च्या साथींत जेव्हां सर्व कामें बंद पडलीं तेव्हां याच दुकानांतून माणशीं आणखी ५ किलो मिळालें, आणि त्यावर अनेक घरांच्या चुली पेटल्या.

पण हिशेब करून पाहूं. महिन्यास ५ किलो म्हणजे दिवसास सुमारें १६७ ग्रॅम. दोन भाकरींच्या पिठाइतकें. त्यांत डाळ नाहीं, तेल नाहीं, भाजी नाहीं. हा आधार आहे, पोटभर जेवण नव्हे. आणि हा आधारही सर्वांपर्यंत पोहोंचतो असें नाहीं. किती माणसांस धान्य द्यावयाचें याची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली. नंतर जन्मलेल्यांस व नव्यानें वेगळ्या झालेल्या घरांस जागा रिकामी होईपर्यंत थांबावें लागतें. ऊसतोडीस गेलेलें जोडपें सहा महिने फडावर असतें. कार्ड कोठेंही चालतें हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. आणि मग अंगठा. ज्या हातांनीं जन्मभर माती उपसली त्या हातांच्या रेषा झिजतात, आणि दुकानांतील यंत्र त्यांस ओळखीत नाहीं.

आमच्या माहितीची एक गोष्ट सांगतों. एका गांवीं एक वृद्ध विधवा एकटी राहत होती. तिचा अंगठा यंत्रावर उमटला नाहीं. दुकानदारानें पुढच्या महिन्यांत या म्हणून सांगितलें. पुढच्या महिन्यांतही तेंच झालें, आणि तिसऱ्या महिन्यांतही. ती कोणाशीं भांडली नाहीं, कोणास बोलली नाहीं, रविवारीं मिस्सेस येत राहिली. तिच्या चुलीचा धूर दिसेनासा झाला तेव्हां शेजारणीच्या लक्षांत आलें. अंगठा उमटला नाहीं एवढ्याच कारणावरून धान्य नाकारूं नये, अन्य मार्गानें ओळख पटवून द्यावें, असे केंद्र सरकारचे आदेश २०१७ सालापासून आहेत. तिला तें ठाऊक नव्हतें. 'आपलें नशीब' असें ती समजली. हक्क असलेल्या माणसानें त्यास नशीब समजावें, याहून मोठें दारिद्र्य नाहीं.

या ठिकाणीं प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाची आठवण होते. आरंभींच्या मंडळींत पहिलें गाऱ्हाणें उत्पन्न झालें तें अन्नाच्या वांटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वांटणींत दुर्लक्ष होत होतें. प्रेषितांनीं 'आम्हांस प्रार्थना आहे, हें क्षुद्र काम आहे' असें म्हटलें नाहीं; त्यांनीं मंडळीकडून सात माणसें निवडवून घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून, त्यांस या कामीं नेमलें, आणि त्यांत पुढें पहिला रक्तसाक्षी ठरलेला संत स्तेफन होता. रोममध्यें २५८ सालीं संत लॉरेन्स या उपाध्यायावर मंडळीचें द्रव्य हजर करण्याचा हुकूम आला तेव्हां त्यानें दरिद्री लोकांस पुढें उभें केलें, अशी परंपरा आहे. अन्नाची यादी नीट ठेवणें हें वेदीच्या सेवेपासून दूरचें काम नाहीं. वेदीच्या सेवेचेंच तें एक अंग आहे.

म्हणून या महोत्सवाची आठवण राहावी यासाठीं आम्ही चार गोष्टी सुचवितों. पहिली: प्रत्येक वाडीवर दोन माणसें नेमावीं, त्यांनीं महिन्यांतून एकदां घरोघर जावें आणि चूल पेटते कीं नाहीं एवढें पाहावें. फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती १८३३ सालीं पॅरिसमध्यें संत विन्सेंट डी पॉल यांच्या नांवें हेंच करूं लागले. गरिबास कचेरींत बोलावण्याऐवजीं ते त्याच्या घरीं गेले. दुसरी: ज्याचें कार्ड अडलें, नांव गळलें किंवा अंगठा उमटला नाहीं त्याच्याबरोबर लिहितां येणारा एक तरुण तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेंत जावा, १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते, आणि जिल्ह्यास तक्रारनिवारण अधिकारी असावा असें कायद्यांत आहे, हें प्रत्येक घरांत ठाऊक असावें. तिसरी: संत अंतोनीच्या भाकरीची पेटी देवळांत ठेवावी, ज्यास शक्य त्यानें पायलीभर ज्वारी किंवा बाजरी टाकावी, आणि ती कोणत्याही जातीच्या व धर्माच्या भुकेल्या घरीं संध्याकाळीं, नांवाचा उच्चार न करतां पोहोंचवावी. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची: देतांना कोणाचें छायाचित्र काढूं नये. ज्यानें घेतलें त्याच्या मुलांनीं तें चित्र उद्यां पाहावयाचें आहे.

शेवटीं दोन शब्द त्यांच्यासाठीं, जे या सभेंत बसले आहेत आणि ज्यांच्या घरीं आज दाणा कमी आहे. ते कोण हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि विचारावयाचेंही नाहीं. आपल्या आज्यांनीं खडी फोडून, रांगेंत उभें राहून, मिलोची भाकरी खाऊन आपल्याला या देवळापर्यंत आणलें. मागणें हा त्यांचा कमीपणा नव्हता. तें त्यांचें धैर्य होतें. प्रभूनें जी प्रार्थना शिकविली तींत आपण रोज भाकर मागतों, आणि ती मागतांना कोणीही 'माझी' म्हणत नाहीं, सर्वजण 'आमची' म्हणतात. ज्याच्या ताटांत दोन आहेत त्यानें ती प्रार्थना म्हटली कीं त्यांतील एक दुसऱ्याची झाली; आणि ज्याच्या ताटांत एकही नाहीं त्यानें ती म्हटली कीं त्याला शेजाऱ्याचें दार ठोठावण्याचा अधिकार आला. तो अधिकार त्यानें बजावावा, आणि दार उघडणारानें तें मुकाट्यानें उघडावें, इतकेंच आमचें मागणें आहे. प्रभूची कृपा या धर्मग्रामावर आणि त्यांतील प्रत्येक चुलीवर असो.